जुन्या ट्रॅक्टरची गळकी टाकी आणि रेडिएटर : डाग देण्याआधीचं काम

उसाचा हंगाम संपतो, ट्रॅक्टर खळ्यावर उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याखालच्या मातीवर दोन डाग दिसतात. एक काळपट, डिझेलचा. दुसरा तांबूस, गंजाच्या पाण्याचा. गंमत अशी की या दोन्ही डागांवरचा उपायही डागच. कथील-शिशाचा डाग, म्हणजे सोल्डर. निपाणी-संकेश्वरपासून बेळगाव-खानापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात जा. गाडीवर केए 23 असो, केए 22 असो की पलीकडची एमएच 09, तक्रार तीच. कुणी कानडीत 'टाकी सोराकत्तैत्री' म्हणतो, कुणी मराठीत 'टाकी गळतीय' म्हणतो, आणि दोघांनाही घाई एकच असते: लावा लवकर डाग, उद्या नांगरट आहे.

ही घाईच नडते. डाग लावायला अर्धा तास लागतो. त्याआधीचं शोधणं, धुणं आणि घासणं दीड-दोन दिवस खातं, आणि तेच टाळलं की दुरुस्ती पंधरा दिवसांत परत येते. टाकीच्या बाबतीत तर माणूसच परत येत नाही अशीही वेळ येते. म्हणून हा लेख डागापेक्षा डागाआधीच्या कामावर जास्त रेंगाळणार आहे. काम मृगाच्या आधी काढा. एकदा पेरणी आणि खानापूरकडची भाताची चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टर दोन दिवस उभा ठेवायला कुणीच तयार होत नाही.

आधी टाकी: गळतंय कुठून?

सेकंदाला एक थेंब म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दिवसाला शहाऐंशी हजारांवर थेंब होतात, आणि डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान धरला तरी दीड लिटरच्या पुढं हिशोब जातो. ट्रॅक्टर नुसता उभा असताना.

डिझेल जिथं टपकतं तिथून ते गळत असतं असं नाही. ते पत्र्यावरून सरपटत जातं, जोडाच्या कडेनं फिरतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं. म्हणून टाकी बाहेरून धुऊन, फडक्यानं पुसून कोरडी करा आणि संशय असलेल्या भागावर चुन्याची पातळ निवळी ब्रशनं लावा. निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात चुना शोधायला लांब जावं लागत नाही. निवळी वाळून पांढरी झाली की टाकी डिझेलनं भरा आणि रात्रभर थांबा. जिथं बारीक चीर किंवा भोक असेल तिथं पांढऱ्यावर गडद ओला ठिपका उमटतो. इतकी बारीक चीर डोळ्यांना कधीच दिसली नसती.

ठिपका पत्र्यावर उमटलाच नाही आणि कॉकपाशी ओल आली, तर देवाचे आभार माना. कॉकच्या किंवा निचऱ्याच्या बोल्टखालचं तांब्याचं वायसर (वॉशर) कडक झालेलं असतं. नवीन मिळालं तर उत्तम. नसेल तर जुनंच वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. पोलाद असं केल्यावर कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं. मऊ वायसर परत बसवलं की बऱ्याचदा गळती तिथंच थांबते आणि टाकी उतरवायची वेळ येत नाही. परतीच्या नळीचा जोड आणि गेजखालचं पॅकिंगही याच फेरीत बघून घ्या.

टाकी काठोकाठ भरून उतारावर उभी केली आणि झाकणातून डिझेल ओघळलं, तर ती गळती धरू नका. मात्र झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं नाही ना हे बघा. ते बुजलं की डिझेल खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते, अर्ध्या-पाऊण तासानं इंजिन दम तोडतं, आणि लोक फिल्टर बदलत बसतात. झाकण सैल केल्यावर 'फुस्स' आवाज येऊन इंजिन सुधारलं, तर रोग कळला.

पत्रा खरोखर फुटला असेल तर तो बहुतेक तीन ठिकाणी फुटतो. एक, पट्ट्याखाली: रबराची पट्टी झिजून गळून गेलेली असते आणि लोखंडी पट्टा पत्र्याला वर्षानुवर्षं घासत असतो. दोन, जोडावर: मोकळ्या ट्रॉलीचे धक्के खाऊन. तीन, तळाला: डिझेलखाली साचलेल्या पाण्यानं आतून गंजून. पहिल्या दोन जागा बऱ्या होतात. तिसऱ्याबाबत सावध राहा, कारण एक भोक दिसलं की त्याच्या आसपासचा पत्रा कागदासारखा झालेला असतो. जाड दाभण बोटांच्या जोरानं आजूबाजूला टोचून बघा. आत जातंय असं वाटलं तर तेवढा भाग संपला समजा.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट

हे वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. द्रवरूप डिझेल जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीही हवेत मिसळल्यावर. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत वाफही असते आणि हवाही. 'डिझेल काय पेट्रोलसारखं पेटतंय होय?' हे मी स्वतः म्हटलेलं आहे, म्हणून सांगतो. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश सेल्सिअस असावा एवढीच भारतीय मानकाची अट आहे. म्हणजे त्या तापमानाला त्यातून पेट घेण्याइतकी वाफ निघू शकते. अथणी-रायबागकडं एप्रिल-मे महिन्यात सावलीतलं तापमानही त्याच्या वर जातं, मग उन्हात ठेवलेल्या काळ्या टाकीचं काय होत असेल ते बघा.

माझी चूक अशी होती. टाकी एकदा साबणाच्या पाण्यानं खळबळली, वास घेतला, वास नव्हता, आणि डाग द्यायची बत्ती, म्हणजे ब्लोलॅम्प, लावली. 'थड्' असा आवाज झाला, तळ ताटलीसारखा बाहेर फुगला आणि भरायच्या तोंडातून ज्वाळेची जीभ निघून माझ्या भुवया घेऊन गेली. झाकण उघडं होतं म्हणून मी हे लिहितोय. झालं काय होतं? गंजाच्या पोपड्याखाली आणि जोडाच्या घडीत मुरलेलं डिझेल थंड असताना वास देत नव्हतं. पत्रा तापला तशी त्याची नवी वाफ झाली.

आता धुण्याची रीत. आधी बॅटरीची मायनस वायर काढा. काम उघड्यावर करा, चुलीपासून आणि विडीपासून लांब. डिझेल कॉकमधून फडक्यातून गाळून कॅनमध्ये काढून घ्या, ते परत वापरता येतं. नळ्या सोडवा, परतीची नळी विसरू नका, गेजची वायर काढा, पट्टे सैल करून टाकी उतरवा. गेज, कॉक, जाळी, झाकण, जे निघतं ते सगळं काढून टाकी मोकळी करा.

कडकडीत गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर घालून टाकी अर्धी भरा. त्यात मूठ-दोन मूठ स्वच्छ, कंगोरेदार खडी किंवा जुने नट घालून तोंड फडक्यानं बंद करा आणि दोघांनी धरून पाच-दहा मिनिटं हलवा. काळं पाणी ओता आणि परत तेच करा. निदान तीन वेळा करा, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी तवंगाची चमक दिसेनाशी होईपर्यंत. हे पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या बाजूला सोडू नका. डिझेलचा थोडासा अंशही पाणी पिण्यालायक ठेवत नाही. धुतल्यावर वाफ द्या: बंद डब्यात पाणी उकळून त्याची नळी टाकीत सोडायची आणि टाकी बाहेरून हाताला चटका बसण्याइतकी तापली की पुढं अर्धा तास तशीच ठेवायची. टाकीची सगळी तोंडं उघडी हवीत.

एवढं करूनही मी टाकीवर कोरडी असताना डाग देत नाही. टाकी अशी फिरवायची की फुटलेली जागा सगळ्यात वर येईल, आणि मग फुटलेल्या जागेच्या दोन बोटं खालपर्यंत पाणी भरायचं. आत हवा फारशी उरलीच नाही तर जळणार कशात? दोन बोटांचं अंतर यासाठी की पाणी पत्र्याला टेकलं तर ते उष्णता ओढून घेतं आणि कथील वितळतच नाही. वर उरलेल्या पोकळीला बाहेर जायला एक तोंड उघडं असलं पाहिजे.

दोन गैरसमज इथंच मोडून काढतो. एक: 'ज्योत लावत नाही, तापवलेल्या तांब्याच्या हत्यारानं डाग देतो, मग धुवायची काय गरज?' डिझेलची वाफ ठिणगीशिवायही सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, आणि डाग द्यायचं हत्यार त्याहून गरम असतं. ज्योतीपेक्षा ते बरं, पण धुणं चुकत नाही. दोन: 'दुसऱ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा धूर टाकीत भरला की झालं.' ही युक्ती जुनी आहे आणि फसवी आहे. रिकामं फिरणारं डिझेल इंजिन गरजेपेक्षा खूप जास्त हवा ओढतं, त्यामुळं त्याच्या धुरात ऑक्सिजन भरपूर उरलेला असतो. त्या धुरावर जीव टांगू नका.

टाकीला डाग

टाकीचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आतला असतो. त्यावर आर्क वेल्डिंगची कांडी धरली की एका भोकाची तीन होतात. गॅसचं वेल्डिंग चांगल्या हातानं होतं, पण लहान भोकाला आणि जोडाला सोल्डरच योग्य. जागा रंगापासून मोकळी करून एमरीनं पांढऱ्या, चमकत्या लोखंडापर्यंत घासा. भोकापेक्षा चहूबाजूंनी किमान दीड-दोन बोटं जास्त घासा. कथील रंगाला धरत नाही, गंजाला धरत नाही, तेलकट बोटाच्या ठशालाही धरत नाही.

घासलेल्या जागेवर जस्ताचे तुकडे विरघळवून 'मारलेलं' मिठाचं ॲसिड लावा. हे ॲसिड तयार करताना निघणारा वायू पेट घेतो, म्हणून ते घरात किंवा आगीजवळ करू नका. तांब्याचं हत्यार टाकीपासून लांब तापवा, टोक नवसागराच्या खड्यावर घासून स्वच्छ करा आणि त्याला कथील चढवा. हत्यार जेवढं जड तेवढं चांगलं. बारीक इलेक्ट्रिक सोल्डरगन रेडिओला ठीक, टाकीचा पत्रा तिची सगळी ऊब पिऊन टाकतो. 60 भाग कथील आणि 40 भाग शिसं असलेली कांडी 190 अंशांच्या आसपास वितळते आणि पाण्यासारखी पसरते. जोडाच्या चिरेत शिरायला ती चांगली.

भोक असेल तर नुसता गोळा चिकटवू नका. ठिगळ लावा. तेलाच्या किंवा तुपाच्या डब्याचा पत्रा गोल कापा, कारण कोपरे उचलतात, गोल ठिगळ उचलत नाही. ठिगळाच्या आतल्या अंगाला आणि टाकीच्या घासलेल्या जागेवर वेगवेगळा कथिलाचा पातळ थर चढवा. मग ठिगळ जागेवर ठेवून वरून हत्यार दाबत फिरवा. कडेनं कथील बारीक रेघेसारखं बाहेर आलं की हत्यार काढा, पण ठिगळ लाकडानं दाबून ठेवा. थंड होताना हललं तर डाग दाणेदार आणि मळकट दिसतो. तो डाग टिकत नाही, परत तापवायचा. चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना आधी अडीच-तीन मिलिमीटरचं भोक पाडा. विचित्र वाटेल, पण टोक गोल झालं की चीर पुढं सरकत नाही. मग चिरेवर लांबट ठिगळ. ड्रिलची ठिणगीही ठिणगीच, म्हणून हेही काम धुतल्यानंतर आणि पाणी भरल्यावरच करायचं.

शिशाचं काम केल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. आमच्या भागात हे सांगणं फार गरजेचं आहे.

एम-सीलसारखं इपॉक्सी लोक नाकारतात, मी नाकारत नाही. पत्रा तसाच घासून, तेलकटपणा काढून, मळलेलं इपॉक्सी काचकापडाच्या तुकड्यावर दाबून लावलं आणि पाकिटावर सांगितलेला पूर्ण वेळ वाळू दिलं, तर ते आगीशिवाय होणारं काम आहे. ज्याच्याकडं वाफ द्यायची सोय नाही त्यानं हेच करावं. गळत्या, ओल्या पत्र्यावर मात्र ते कधीच धरत नाही. आणि रानात अडकलात तर धुण्याच्या साबणाची वडी भोकावर घासून बुजवा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, घरी पोचेपर्यंत तग धरतो.

आतून गंजलेल्या टाकीला मळीचा उपाय करून बघण्यासारखा आहे. जनावरांच्या खाद्यात घालायची मळी मिळाली तर एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी घेऊन टाकी भरा आणि आठ-पंधरा दिवस घरापासून लांब ठेवा. लांब अशासाठी की ती आंबते आणि वास उठतो. गंज मऊ होऊन निघतो, चांगलं लोखंड राहतं. फक्त हे डाग देण्याआधी करायचं, कारण पोपडे निघाले की त्यांच्यामागं लपलेली नवी भोकंही उघडी पडतात. ती आत्ताच उघडी पडलेली बरी.

काम झालं की डागावरचं ॲसिड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, नाहीतर तेच ॲसिड पत्रा खात बसतं. तपासायला हवा भरायची असेल तर तोंडानं फुंकून साबणाचा फेस लावा, तेवढं पुरतं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर टाकीला जोडला तर टाकी फुग्यासारखी होते. टाकी निथळून वाळवली की लगेच अर्धा लिटर डिझेल आत फिरवून ओता, नाहीतर एका रात्रीत परत तांबूस गंज धरतो. बसवताना पट्ट्याखाली नवी रबरी पट्टी घाला, जुन्या ट्यूबचा दुहेरी तुकडाही चालतो. शेवटी हवा काढा: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा.

रेडिएटर: आधी त्याची बाजू ऐका

एकसिलिंडरचा, हवेवर थंड होणारा जुना आयशर असेल तर इथून पुढं वाचायची गरज नाही. बाकी महिंद्रा, मॅसी, एचएमटी, स्वराजवाल्यांनी वाचावं.

पाणी कमी होतंय म्हणजे रेडिएटरच फुटला असं धरू नका. होज पाइपच्या क्लिपा बघा. पाण्याच्या पंपाखाली एक लहान भोक असतं, तिथून पाणी येत असेल तर पंपाचं सील गेलंय. इंजिनच्या अंगावरच्या गोल टिकल्या गंजून पाझरतात. आणि कुठंच ओल नाही तरी पाणी संपतंय, तर इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, इंजिन चालू करा आणि आत बघा. सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल, तर रोग हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगचा आहे. रेडिएटरला कितीही डाग लावा, उपयोग नाही.

गरम झाकण उघडू नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर हंगामात कुणाचा तरी हात भाजतो, म्हणून कारण सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे, त्यामुळं इथं पाणी शंभराऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. 7 पौंड दाब धरणारी कॅप, म्हणजे रेडिएटरचं झाकण, हा बिंदू आणखी 11-12 अंशांनी वर नेते. म्हणजे आतलं पाणी एकशे सहा-सात अंशांचं असूनही शांत असतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: कॅपचं रबर गेलं की रेडिएटर धडधाकट असूनही ट्रॅक्टर उकळायला लागतो. आधी कॅप बदलून बघा, सगळ्यात स्वस्त तेच आहे.

तसंच बाहेरची जाळी. उसाच्या पाचटाचं कूस, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, चिखलणीतला उडालेला चिखल, हे सगळं ऑइलच्या वाफेवर बसून थापलं जातं. हवा जाते ती पुढून मागं, म्हणून कचरा काढायचा तो मागून पुढं. पंख्याच्या बाजूनं हलक्या धारेनं पाणी मारा. सर्व्हिसिंगच्या पंपाची धार जवळून मारली तर जाळीच्या पातळ पत्त्या (फिन) लोळतात आणि मग हवा कायमची अडते.

उतरवणं, आतून धुणं, बुडबुडे बघणं

थंड इंजिनाचं पाणी खालच्या कॉकमधून भांड्यात काढा. त्यात कूलंट असेल तर उघड्यावर ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री आणि वासरं पितात. जाळी आणि पंखा यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवा, मग होज आणि बोल्ट सोडवा. खालचे रबर कसे बसले होते ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आतलं धुणं पाण्यावर अवलंबून. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला पावसाचं, झऱ्याचं मऊ पाणी असतं. तिकडच्या रेडिएटरात गंज दिसतो, खार कमी. चिकोडी-अथणीच्या काळ्या रानातल्या बोअरचं पाणी घातलेला रेडिएटर उघडला की नळ्यांत चुन्याचा पांढरा थर असतो, पाणी तापवायच्या भांड्यात जमतो तसा. या थराला सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, चांगलं. दहा लिटर कोमट पाण्यात पाव ते अर्धा किलो घालून दोन-तीन तास ठेवा, मग खालच्या तोंडातून पाणी सोडून वरून बाहेर काढा, म्हणजे वाहण्याच्या उलट दिशेनं. साफ पाणी येईपर्यंत.

रेडिएटरात कॉस्टिक सोडा घालणारे मेस्त्री आहेत. तांब्या-पितळेच्या जाळीला जपून चालतो. पण हल्ली बऱ्याच गाड्यांना ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. बेळगावच्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढतात तो याच कॉस्टिकमध्ये विरघळवून. तुमची जाळीही तशीच विरघळेल, आणि वर पेट घेणारा वायू निघेल. ॲल्युमिनियमला कॉस्टिकही नाही आणि कथिलाचा डागही नाही. तो रेडिएटर बदलायचा किंवा ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्याकडं द्यायचा. कुठला आहे हे कळत नसेल तर कोपऱ्यात रंग खरवडून बघा: पिवळा-तांबूस दिसला तर पुढं चला.

वरचं आणि खालचं तोंड जुन्या ट्यूबचं रबर आणि लाकडी गुडदी लावून क्लिपेनं बंद करा, एका ठिकाणी सायकलचा व्हॉल्व्ह बसवा. रेडिएटर जनावरांच्या हौदात पूर्ण बुडवा आणि सायकलच्या पंपानं 7 ते 10 पौंड हवा भरा. जास्त नको. पाणी निवळू द्या आणि डोळा लावून बसा. बुडबुड्याची माळ जिथून निघते तिथं खडूनं खूण करा, पण पाण्यातच बोट ठेवून आधी खात्री करा, कारण बुडबुडेही पत्त्यांतून तिरके चालतात.

रेडिएटरला डाग

गळती सगळ्यात जास्त वेळा वरच्या टाकीच्या आणि नळ्यांच्या जोडावर असते. कारण बहुधा खालचे रबर दगडासारखे कडक झालेले असतात आणि इंजिनाची सगळी थरथर त्या जोडावर येते. जोड वायर ब्रशनं आणि कानशीनं चमकेपर्यंत घासा, ॲसिड लावा, आणि जड हत्यारानं जुनं कथील वितळवत नवं मिसळत जा. नुसतं जुन्यावर नवं थापलं तर खालची चीर तशीच राहते. बत्ती लावायचीच तर मंद ज्योतीनं, शेजारचे जोड ओल्या फडक्यानं झाकून. एक जोड बरा करताना शेजारचे चार उसवणं हा या कामातला नेहमीचा विनोद आहे, फक्त पैसे देणाऱ्याला हसू येत नाही. पितळेची झाळ, म्हणजे ब्रेझिंग, इथं नकोच. त्याची उष्णता संपूर्ण जाळीचं कथील ओघळवते.

नळी मधोमध फुटली असेल तर दोन वाटा आहेत. बाहेरच्या रांगेतली असेल तर तेवढ्या पत्त्या चिमट्यानं बाजूला करून तिथंच डाग. आतल्या रांगेतली असेल तर वरची-खालची टाकी सोडवून त्या नळीची दोन्ही तोंडं डागानं बंद करायची. चार-पाच नळ्या बंद असल्या तर ट्रॅक्टरला कळतही नाही. पंधरा-वीस झाल्या तर नवी जाळी बसवून घ्या. टाकी सोडवलीच आहे तर पातळ चपटी पट्टी प्रत्येक नळीतून आरपार घालून खार काढून घ्या, ही संधी परत येत नाही.

परत सोड्याच्या पाण्यानं धुणं, परत हौद, परत हवा. बुडबुडा नाही म्हणजे नाही. मग काळ्या रंगाचा पातळ हात. जाड ऑइलपेंट दिला तर जाळीला स्वेटर घातल्यासारखं होतं.

हळद, अंडं, गळती बंद करायची पावडर यांबद्दल नेहमी विचारतात. होय, हळदीनं बारीक गळती थांबते. ती भोकात जाऊन बसते तशीच चांगल्या अरुंद नळ्यांतही बसते. रानातून घरी यायला ठीक. त्याहून चांगली युक्ती म्हणजे इंजिन थंड झाल्यावर कॅप पहिल्या खाचेवरच ठेवायची, म्हणजे दाब धरत नाही आणि गळती कमी होते. बाहेरची नळी फुटली असेल तर ती पकडीनं चेपून दुमडा. आणि उकळलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतू नका. रेडिएटर वाचवायला जाल आणि हेडला चीर पाडून घ्याल.

बसवताना नवे रबर, नव्या क्लिपा, आणि होज बोटानं दाबून बघा: कुरकुरीत किंवा मऊ लिबलिबीत, दोन्ही बाद. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं मधोमध दाबल्यावर अर्धा इंच जावा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप, काढून टाकायची आपल्याकडं फॅशन आहे. काढू नका. इंजिन थंडच राहिलं तर डिझेल जास्त जळतं आणि सिलिंडर लवकर झिजतो. बिघडला असेल तर उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघा, नाही उघडला तर नवा घ्या. भरायला कूलंट आणि मऊ पाणी निम्मं-निम्मं. कूलंट परवडत नसेल तर गाळलेलं पावसाचं पाणी, बोअरचं नको. सावकाश भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवा, पातळी खाली जाईल तशी भरत राहा आणि मगच कॅप लावा.

पहिल्या दिवशी रिकामी ट्रॉली ओढा, गावात एक फेरी मारा. संध्याकाळी थंड झाल्यावर पाणी बघा, टाकीचे पट्टे आणि होजच्या क्लिपा पुन्हा एकदा आवळा, कारण नवं रबर पहिल्या दिवशी बसतं. रात्री ट्रॅक्टरखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर काय आहे ते बघून मग नांगर जोडा.